कान्होजींना विचारलं तरी होतं

परवा पौडला चहाला थांबलो होतो. समोर फ्लेक्स बदलायचं काम चाललं होतं. माणूस तोच, हात जोडलेला फोटोही तोच, वरच्या कोपऱ्यातले मोठे चेहरे तेवढे नवे. दोरी बांधणारा पोरगा आमच्याच भावकीतला निघाला. म्हटलं, "काय रे, हे कधी?" तर म्हणाला, "काका, काल रात्री प्रवेश झाला. मला सकाळी ग्रुपवर कळलं."

टपरीवरचे एक जण लगेच म्हणाले, "त्यात काय एवढं? मावळातले देशमुख नव्हते का आदिलशाही सोडून महाराजांकडे आले?"

तिथं काही बोललो नाही. पण हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, म्हणून लिहितोय.

देशमुख आले हे खरं आहे. मोसे खोऱ्याचे पासलकर, रोहिड खोऱ्याचे जेधे, आपल्या पौड-मुठ्याकडची घराणी, सगळ्यांची वतनं जुनी आणि कागद वरच्या पातशाहीच्या शिक्क्याचे. आणि सगळे काही एका दिवसात, एका मनानं आले नाहीत. कुणी आधी आले, कुणी लढून हरल्यावर आले, कुणी शेवटपर्यंत कुंपणावर बसले. वतन म्हणजे पोराबाळांची भाकरी होती, त्यामुळे बसणाऱ्यांनाही मी फार नावं ठेवत नाही.

पण १६५९ चा प्रसंग नीट बघा. अफजलखान वाईला येतोय. जूनमध्ये कान्होजी जेध्यांना विजापूरचं फर्मान आलं, खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा. उतरवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेलेसुद्धा. कान्होजी ते फर्मान घेऊन पाच मुलांसह महाराजांपुढे गेले. जेध्यांच्या करिन्यात हे आलंय. महाराजांनी त्यांना मिठी मारून लगेच मानाचं पान दिलं नाही. उलट म्हणाले, बाकीचे गेले, तुम्हीही जा, नाहीतर वतन जाईल, जिवावर बेतेल. म्हणजे परतीची वाट स्वतः दाखवली. कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शपथेची आठवण दिली आणि तिथंच पाणी सोडून वतनाचा हक्क सोडला. मग पुढचं बोलणं झालं.

हे कारी गाव, ही उतरवळी, दोन्ही भोर तालुक्यात. म्हणजे विधानसभेला आपण सगळे एकाच मतदारसंघातले!

असाच एक प्रसंग बायबलच्या जुन्या करारात आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय. शौल राजा असताना दावीद परागंदा होता आणि एकेक टोळीचे लढवय्ये त्याच्याकडे येत होते. त्यात बन्यामीन टोळीचेही होते, म्हणजे खुद्द शौलाच्या भाऊबंदांतले, दोन्ही हातांनी गोफण चालवणारे. माणसांची गरज तर दावीदाला भयंकर होती. तरी तो बाहेर सामोरा गेला आणि आधी विचारलं, मदतीला आला असाल तर मन एक करू, दगा द्यायला आला असाल तर देव बघून घेईल. उत्तर मिळाल्यावरच आत घेतलं. त्याच अध्यायात हेही लिहिलंय की बन्यामिनांपैकी बरेच जण तोपर्यंत शौलाच्या घराण्याशीच टिकून होते. त्यांना कुठं गद्दार म्हटलेलं नाही, हे मला विशेष वाटतं.

आता आपल्याकडे. जून २०२२ ला शिवसेना फुटली, २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, पण तो मोजतो आमदार-खासदार. दोन तृतीयांश आहेत का, विलीनीकरण आहे का, व्हिप कुणाचा. बूथवर बसणारा त्या मोजणीत कुठंच नाही.

आमच्या घरातलं सांगतो. माझे दोन पुतणे, सख्खे चुलत भाऊ, एकाच पक्षाचं काम करायचे. एकाच मोटारसायकलवरून ताम्हिणीपर्यंतच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. २०२३ नंतर एक इकडे राहिला, एक तिकडे गेला. लोकसभेला दोघं समोरासमोरच्या टेबलांवर. त्या उन्हाळ्यात थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं, धाकटा अक्षता टाकून जेवण न करता निघून गेला. वहिनी ताट वाढून दारात उभ्या होत्या.

आणि ज्या स्थानिक पुढाऱ्यासाठी धाकटा तिकडे गेला, तो पुढारी काही महिन्यांनी आणखी तिसरीकडे गेला. जाताना धाकट्याला फोनसुद्धा नाही. थोरल्याचं तरी काय बरं चाललंय? ज्यांच्यासाठी थांबला, त्यांनी त्याला थांबतोस का म्हणून कधी विचारलं नाही.

राग पुढाऱ्यानं पक्ष बदलला याचा नाही. कान्होजींचे धनीही बदललेच होते. पण त्यांना समोर बसवून विचारलं गेलं, आणि त्यांनी जवळचं सगळ्यात मोठं होतं ते खाली ठेवलं. आजच्या प्रवेशाच्या फोटोत गळ्यात उपरणं दिसतं, खाली काय ठेवलं ते दिसत नाही.

टपरीवरच्या त्या पोराला मी विचारलं, "मग तू आता कुणाचा?"

तो दोरीची गाठ मारत होता. म्हणाला, "काका, जुना फ्लेक्स काढायचे पैसे अजून मिळाले नाहीत. ते कुणाकडं मागायचे तेवढं सांगा."