दोन गुणांचा प्रश्न

इचलकरंजीत संध्याकाळी मागांची खटखट थांबत नाही, फक्त पाळी बदलते. त्याच सुमाराला आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत नववी-दहावीची मुलं जमतात. बहुतेकांचे वडील मागावर, आई कांड्या भरायला. गणित, विज्ञान उरकतं तोवर खोलीत बोलणं असतं, भांडणं असतात. इंग्रजीची वही निघाली की सगळे गप्प. मधोमध एक गाइड उघडलेलं, भोवती चार-पाच वह्या, आणि पेनं भराभर चाललेली.

या मुलांना इंग्रजी नवखं नाही. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून शिकवतात. दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाने नऊ वर्षं हा विषय पाहिलेला असतो. तरी स्वतःचं एक वाक्य लिहायला सांगितलं की हात आखडतो. त्यांच्या जुन्या वह्या चाळल्या तेव्हा मला कारण उमगलं. फळ्यावरून उतरवलेलं, गाइडमधून उतरवलेलं, मैत्रिणीचं पाहून उतरवलेलं असं पानंच्या पानं इंग्रजी होतं. मुलाचं स्वतःचं त्यात क्वचितच काही होतं.

दहावीला तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा 80 गुणांची असते. उताऱ्याखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा कृती येतात. पहिल्या चारांना उताऱ्याचा नाहीतर व्याकरणाचा आधार असतो. ए-फाइव्ह म्हणजे ‘पर्सनल रिस्पॉन्स’: तुला काय वाटतं ते लिही, गुण दोन. हे उत्तर मुलाशिवाय कुणाकडेच नसतं, आणि नेमकं तेच गाइडमधून उतरवलं जातं. एका मुलीने आजीने सांगितलेल्या गोष्टींवर छान परिच्छेद लिहिला होता. तिने आजी पाहिलेलीच नव्हती.

शिक्षकांना बोल लावणं मला पटत नाही. साठ-सत्तर वह्या तपासायच्या तर प्रत्येकाचं मत वाचायला वेळ कुठून आणणार? पण त्या घाईत वहीवर लाल शाईचा शेरा पडतो, घरून सही आणायची असते, आणि सही करणाऱ्या आईला तो इंग्रजी मजकूर वाचता येत नाही. दहावीतल्या एका मुलाचं इंग्रजीच्या तासाच्या दिवशी सकाळी हटकून पोट दुखायचं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही.

त्याच्याबरोबर मी रस्किन बाँड यांची ‘द थीफ्स स्टोरी’ घेऊन बसले. चोर हरी सिंग आपल्याला आसरा देणाऱ्या अनिलचे पैसे पळवतो, आणि लिहायला-वाचायला शिकण्याची संधी हातची जाईल म्हणून परत येतो. प्रश्न होता, चोरी कळूनही अनिल गप्प राहिला, हे त्याने बरोबर केलं का?

“गाइड मिट. मराठीत सांग.”

“नको ओ मॅडम, चुकलं तर?”

“तुला काय वाटतं ते विचारतेय. त्यात चुकायचं काय?”

तो बराच वेळ रबर चोळत बसला. मग म्हणाला, पप्पांच्या कारखान्यात एकानं सूत चोरलं होतं. मालकानं त्याला काढलं नाही. “आता सगळ्यांच्या आधी त्योच येतोय.”

यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्या गाइडमध्ये असणार? वहीच्या डाव्या पानावर त्याने ते मराठीत लिहिलं आणि उजव्या पानावर इंग्रजीत चार वाक्यं जुळवली. ‘ही कम फर्स्ट’ असं लिहिलं, तेवढं क्रियापद मी नीट करून घेतलं. बाकी वाक्यं ओबडधोबड राहू दिली, कारण ती त्याची होती.

तेव्हापासून इंग्रजी शेवटी न ठेवता आधी घ्यायचं, आणि आधी डावं पान भरायचं, असं आम्ही ठरवलं. वेळ जास्त लागतो. मुलं कुरकुरतात. पण एका मुलीच्या आईने सही करताना पहिल्यांदाच गृहपाठ, डाव्या पानावरचा मराठी, वाचला, “ह्ये तूच लिवलंस व्हय?” असं विचारलं आणि मुलीला शेजारी बसवून घेऊन पुढचं डावं पानही वाचून काढलं. शेऱ्याखाली सही करून वही परत देणं एवढंच तोवर त्या घरात होत असे.

सगळा ताण असा वहीवर सुटत नाही. झोप उडालेलं, जेवण टाकलेलं, ‘मला नकोच हे’ म्हणणारं मूल समोर आलं तर त्याला ऐकून घेणारं जाणतं माणूस लागतं. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलांइतकंच पालकांनाही मी तो सांगते.

कवितेचं रसग्रहण मात्र अजून गाइडमधूनच पाठ होतं. पाच गुणांचा प्रश्न, परीक्षा तोंडावर, अशा वेळी दहावीच्या मुलांचा तो आधार काढून घेण्याचं धाडस मी करत नाही. जूनमध्ये नववीची मुलं आली की सुरुवात तिथूनच करायची आहे. कविता मोठ्याने वाचायची, आवडली का ते डाव्या पानावर लिहायचं, नाही आवडली तरी लिहायचं.