सुरतेचा उंदीर आणि आपल्या माळावरचा

बहीण सुरतेत उधन्याला दिलेली, म्हणून बेळगावहून वर्षाआड एक फेरी होते. भोवती खानदेशातून आलेली मराठी वस्ती आणि दिवसभर मागांचा खडखडाट. तापीकाठचा हा मुलूख सपाट. इथे उंदीर दिसला की मोठी माणसं अजून दचकतात. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या धास्तीने लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले होते. पुढे सुरत झाडूनपुसून लख्ख झाली, पण उंदराचं नाव काही सुधारलं नाही.

यंदा भाच्याने विचारलं, "मामा, तुमच्याकडे डोंगरावर असतात तेही असेच? मग विष घालता का?"

असेच कसे? आपल्या दख्खनच्या खडकाळ माळावरचा काटेरी उंदीर पाठीवर वाळूसारखा तपकिरी, पोटावर पांढरा. दोन रंग भेटतात तिथे शिवण घातल्यासारखी फिकट पिवळसर रेघ. घरच्या उंदराचं पोट मळकट, जणू पाठीचाच रंग खाली ओघळलेला. याचं तोंड निमुळतं, कान मोठे नि गोलसर. अंग जेमतेम चार इंच, शेपूट त्याहून आखूड, वरून गडद, खालून फिकट. लाल मुरमावर बसला तर पाठ मातीत मिसळून जाते. केसांत चपटे, पारदर्शक काटे असतात. त्यावरूनच १८३२ मध्ये बेनेटने लंडनमध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, 'चपट्या केसांचा'. नमुना कर्नल साइक्सने दख्खनमधून नेलेला.

आपल्या भागात त्याची खरी ओळख लिहून ठेवली वॉल्टर इलियटने. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चेन्नम्मांच्या कैदेत होता तोच हा इंग्रज अधिकारी! दक्षिण मराठा मुलखातल्या प्राण्यांची त्याची यादी १८३९ मध्ये मद्रासला छापली गेली. साहेबाने स्थानिक नावंही टिपली, हे मला विशेष वाटतं. वडार लोकांच्या 'लेग्याडे' वरून शास्त्रज्ञांनी त्या गटाला 'लेगाडा' म्हटलं. कन्नडमध्ये तो 'कल-येलका'. यातला 'कल्लु' म्हणजे दगड, हे आपल्या घरातल्या पोरांना सांगायला नको.

नावात दगड का, ते बिळापाशी कळतं. बांधाच्या कडेला लाल मुरमात बीळ, आणि आत शिरला की तोंड बारीक खड्यांनी बंद. बाहेर खड्यांचा छोटा ढीग, आणि आत निजायलाही खड्यांचंच अंथरूण.