आरक्षणाच्या चर्चेत निवडणूक हरवू नका

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला अंतरिम आदेश दिला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीची अधिसूचना चार आठवड्यांत काढा, चार महिन्यांत निवडणुका उरका. ओबीसी आरक्षण बांठिया आयोगाच्या जुलै २०२२ च्या अहवालाआधी होतं तसं ठेवा.

तेव्हापासून नरसीत जो भेटेल तो मला विचारतोय, "पत्रकार, आरक्षण राहिलं का गेलं?" भाऊ, त्या अंतरिम आदेशानं तरी राहिलं. अंतिम निकाल तेव्हा बाकी होता.

पण मला दुसरंच खुपतंय. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली. घटनेचं कलम २४३-ई म्हणतं, पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. इथं मे २०२५ पर्यंत तीन वर्षं झाली होती, प्रशासकच! अधिकारी काम करत नाहीत असं नाही. पण त्यांची बदली होते. सदस्य कसाही असो, आठवडी बाजारात गाठून चारचौघांत जाब तर विचारता येतो.

आरक्षणावर जरूर बोला, हक्काचाच प्रश्न आहे. पण मे २०२५ च्या आदेशात मुदतवाढ मागायची मुभाही होती, हे ध्यानात ठेवा. तारखेवर नजर ठेवा आणि मतदार यादीत आपलं नाव आहे का, ते आत्ताच बघून घ्या.