मुकुट परके, हाडं घरची

बुद्धिबळामुळे मी आर्मेनियाला गेलो असं सांगितलं की लोक हसतात. सांगलीत वाढलेल्या माणसाला मात्र त्यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे तिग्रान पेत्रोस्यानचे डाव मोठी माणसं चहाच्या कपांमध्ये पट मांडून दाखवायची. 1963 ते 1969 जगज्जेता राहिलेला हा आर्मेनियन गृहस्थ स्वतः हल्ला करण्यापेक्षा समोरच्याचा हल्ला सुरू होण्याआधीच त्याचा गळा आवळण्यात वाकबगार. पुढे कधीतरी प्लुटार्क चाळताना दुसरा तिग्रान भेटला, तो थेट आर्मेनियाचा राजाधिराज. याचा घोडा चालला की चार मांडलिक राजे शेजारून पायी धावायचे. इ.स.पू. 69 मध्ये लुकुलसची रोमन फौज समोर आली, तेव्हा ही मंडळी वकिलातीसाठी जरा जास्त आणि लढाईसाठी फारच थोडी आहेत, अशी त्याने थट्टा केली. आणि मग सडकून मार खाल्ला. असा राजा ज्या देशात अजून मुलांच्या नावांतून फिरतो, तो देश बघायचाच, हे तेव्हाच ठरलं होतं.

यरेवानला उतरलो तर हॉटेल म्हणजे सोव्हिएत काळातल्या इमारतीचा वरचा मजला. लिफ्ट ‘उद्या’ सुरू होणार होती, आणि हा उद्या मी निघेपर्यंत उजाडला नाही. गिझरचं बटण मालकीणबाईंच्या खोलीत. त्यामुळे अंघोळीआधी रोज त्यांच्या दारावर टकटक करायची, आणि मग त्यांच्या हातची कडक कॉफी प्यायल्याशिवाय सुटका नाही. कॉफी उत्तम होती, एवढं कबूल करायला हवं.

तिग्रान मात्र हाताला लागेना. त्याने वसवलेलं तिग्रानाकेर्त आज तुर्कस्तानात. बाग्रातुनी राजांची राजधानी आनी नदीपलीकडे, म्हणजे पुन्हा तुर्कस्तानात. किलिकियाच्या आर्मेनियन राजांचं सिस, तेही तिकडेच. आणि ही सरहद्द 1993 पासून बंद. राजे एका देशाचे, त्यांच्या राजधान्या दुसऱ्या देशात, अशी ही गंमत. इतिहास संग्रहालयात तिग्रानची नाणी आहेत. टोकेरी मुकुट, त्यावर तारा आणि दोन बाजूंना दोन गरुड. पण मी जास्त वेळ थांबलो तो एका ओबडधोबड दगडापाशी. हा शिवेचा दगड. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला आर्ताशेस पहिला याने गावांच्या आणि जहागिरींच्या हद्दी आखून असे दगड पुरले आणि त्यांवर आरमाइक भाषेत आपलं नाव कोरलं. त्यात तो स्वतःला येर्वांदुनी म्हणवतो, म्हणजे ज्या जुन्या घराण्याला बाजूला सारून गादीवर बसला, त्याच घराण्याचा वंशज. गादी मिळाली की आजोबाही मिळतात.

या दगडांवरूनच माझं मोव्हसेस खोरेनात्सीशी भांडण सुरू झालं. आर्मेनियनांचा हा इतिहासपिता. मातेनादारान या हस्तलिखितांच्या संग्रहालयासमोर त्याचा पुतळा उभा आहे. आपण पाचव्या शतकात लिहितो आहोत असं तो म्हणतो. 1978 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद काढणाऱ्या रॉबर्ट थॉमसन यांनी त्याला सरळ आठव्या शतकात नेऊन बसवलं, तेव्हापासून आर्मेनियन विद्वान संतापलेले आहेत. मी मनाने थॉमसनच्या बाजूचा. कारण खोरेनात्सीचा आश्रयदाता सहाक बाग्रातुनी, आणि ग्रंथभर बाग्रातुनी घराण्याची जी आरती चाललेली असते, ती वाचून कुणालाही संशय यावा. मूळ पुरुष थेट ज्यू बंदिवानांत शोधायचा, राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा मान वंशपरंपरेने त्यांनाच द्यायचा, हे दरबारी भाटाचं काम झालं. मातेनादारानमध्ये भेटलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला मी हे ऐकवलं. बाई इंग्रजी सावकाश बोलायच्या आणि हार अजिबात मानायच्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, आर्ताशेसने चौकोनी दगड पुरून शिवा आखल्या हे कुणी लिहून ठेवलं होतं? खोरेनात्सीनेच. आणि दगड जमिनीतून वर यायला लागले विसाव्या शतकात. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही, पण ती आरतीही मला पटलेली नाही.

गार्नीचं देऊळ मी अर्ध्या तासात उरकलं. सगळ्या सहली तिथे जातात, आमचा वाटाड्या प्रत्येक वाक्यात ‘जगातलं पहिलं ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणायचा आणि तेही एका सूर्यपूजकाच्या देवळासमोर उभं राहून. देऊळ 1679 च्या भूकंपात कोसळलं होतं, 1975 पर्यंत पुन्हा उभारलं. नवे दगड मुद्दाम साधे ठेवल्याने ओळखू येतात. ते ज्याच्या नावावर सांगतात तो त्रदात पहिला मला देवळापेक्षा जास्त आवडतो. इराणच्या पार्थियन राजाचा हा भाऊ. आर्मेनियाची गादी त्याची, पण मुकुट नीरोच्या हातून घ्यायचा, असा तह झालेला. मग हा पठ्ठ्या मोठं घोडदळ घेऊन नऊ महिने खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला, कारण मग म्हणजे इराणी पुरोहित, त्यांच्या धर्मात समुद्र विटाळणं पाप. नीरोसमोर जाताना तलवार काढून ठेवायला सांगितलं, तर त्याने ती ठेवली नाही, म्यानालाच खिळ्यांनी ठोकून टाकली. इ.स. 66 मध्ये गुडघे टेकून मुकुट घेतला आणि घरी परतला.

पुढेही तेच. बाग्रातुनी आशोतला 885 च्या सुमारास खलिफाकडून मुकुट आला आणि लगोलग कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडूनही. शेवटचा राजा लेवोन पाचवा 1375 मध्ये सिस पडल्यावर कैद झाला, सुटला, युरोपभर मदत मागत फिरला आणि 1393 मध्ये पॅरिसला वारला. त्याची दगडी प्रतिमा आज सेंट-डेनीत फ्रान्सच्या राजांच्या रांगेत निजलेली आहे. आर्मेनियन राजांचे मुकुट असे बहुधा दुसऱ्यांच्या तिजोरीतून यायचे. मग स्वतःचं काय होतं?

त्यासाठी अघ्त्स्कला जायचं ठरवलं. तातेवच्या जगप्रसिद्ध रोपवेचं बुकिंग सोडून दिलं. मालकीणबाईंनी मला वेड्यात काढलं. अरागात्स पर्वताच्या उतारावरचं हे छोटं गाव. टॅक्सीवाल्यालाही ते नकाशात शोधावं लागलं.

गोष्ट चौथ्या शतकातली, पाव्स्तोस बुझांदने लिहिलेली. इराणचा शापूर दुसरा आणि आर्मेनियाचा आर्शाक दुसरा यांचं वैर. शापूरच्या फौजेने युफ्रेटिसकाठच्या आनी किल्ल्यातली (ही आनी निराळी) राजांची थडगी फोडली आणि हाडं गोळा करून इराणकडे नेऊ लागली. सोन्यासाठी नव्हे. या राजांचं तेज, भाग्य आणि शौर्य हाडांत वस्ती करतं, हाडं आपल्याकडे आली की तेही येईल, असा इराणी समज होता. एकट्या सानात्रुकचं थडगं इतकं भक्कम की ते फुटलंच नाही. सेनापती वासाक मामिकोन्यानने छापा घालून हाडं सोडवली आणि या अडचणीच्या घळीत पुरली.

याच शापूरची आणखी एक गोष्ट आहे. आर्शाकच्या मनातलं ओळखायला त्याने तंबूत अर्ध्या भागात आर्मेनियाची माती अंथरली. इराणी मातीवर आर्शाक माफी मागायचा, आर्मेनियन मातीवर पाय पडताच उर्मट व्हायचा. सिंहासनबत्तिशीतला टेकाडावर बसून न्याय करणारा गुराखी आठवावा, तशी ही माती बोलायला लावणारी. आर्शाकला पुढे ‘विस्मृतीच्या किल्ल्यात’ डांबलं. तिथल्या कैद्याचं नावसुद्धा उच्चारायची बंदी होती.

अघ्त्स्कला एका पडक्या चर्चला लागून कबरीची इमारत आहे, तिचा वरचा मजला गेलेला. आत वाकून शिरावं लागतं. कमानदार, अंधारी खोली, दोन बाजूंना कोनाडे. मोबाइलचा दिवा धरला तर एका ठिकाणी सिंहांमध्ये हात पसरून उभा दानियेल, दुसरीकडे रानडुकरावर भाला रोखलेला शिकारी. दगड बराच झिजला आहे, तरी डुकराच्या पाठीची ताठ रेघ बोटाला लागते. दानियेल ख्रिस्ती, शिकार जुन्या इराणी राजेशाहीची. एकाच खोलीत दोन्ही.

आणि इथेच माझा खोरेनात्सी पुन्हा आडवा आला. तो म्हणतो, लुटारूंनी हाडं एकत्र केल्यामुळे ख्रिस्ती कोणतं आणि आधीच्या धर्माच्या राजाचं कोणतं हे कुणाला सांगता येईना, म्हणून ती वाघार्शापातच्या पवित्र भूमीत न पुरता इथे पुरली. हे भाट लिहीत नाही. भाटाने एखादा चमत्कार घडवून पवित्र हाडं वेगळी काढली असती. टॅक्सीत बसल्यावर हे मी ड्रायव्हरला समजावू लागलो. त्याला एवढंच कळलं की कुणा मोव्हसेसवर मी रागावलो आहे. तोही मोव्हसेसच निघाला.