ट्रकमधली बॅग आणि खांद्यावरची पिशवी

ज्येष्ठ सरत आला की आमच्या ऑफिसात कँटीनच्या टेबलावर दोन विषय हमखास निघतात. पावसात कुठला गड करायचा आणि वारीचे कुठले दोन दिवस चालायचे. दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो, बॅगेवर! डफल साठ लिटरची घ्यायची की ऐंशीची? रेन कव्हर वेगळं घ्यायचं का? ते आतले खणवाले पाउच खरंच लागतात, की दुकानदार उगीच गळ्यात मारतो?

गड आणि वारी यांत एक मोठा फरक आहे मंडळी. गडावर बॅग तुमच्या पाठीवर असते. वारीत ती दिंडीच्या ट्रकमध्ये असते. पहाटे तंबू सुटले की सामान ट्रकमध्ये चढतं आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावरच तुम्हाला परत भेटतं. मधले बारा-तेरा तास ती बॅग असून नसल्यासारखी. आपल्या भाषेत सांगायचं तर खांद्यावरची शबनम म्हणजे कॅशे आणि ट्रकमधली डफल म्हणजे हार्ड डिस्क, तीही दिवसातून एकदाच वाचता येणारी :-)

हे सगळं मी एवढ्या गांभीर्याने का घेतलं? तर गेल्या वर्षी आईला चालायचं होतं. तुकोबांच्या पालखीबरोबर, बारामती ते इंदापूर. साधारण पन्नास किलोमीटर, मुक्काम धरून तीन-चार दिवस. आईचं वय अठ्ठावन्न, डायबेटिस अकरा वर्षांचा, इन्शुलिन चालू. आणि तळपायांची संवेदना कमी झालेली. डॉक्टर नाही म्हणाले नाहीत, पण दोन अटी घातल्या. इन्शुलिन तापू द्यायचं नाही, आणि रोज संध्याकाळी तळवे नीट बघायचे. "त्यांना फोड आलेला कळणार नाही, तुम्हाला दिसायला हवा," असं मला बजावलं. त्यामुळे बॅगेची यादी हा माझ्यासाठी शॉपिंगचा विषय राहिला नाही.

आधी या वाटेबद्दल थोडं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. देहूहून निघालेली पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड करत बारामतीला येते. पुढे काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवडीचं पहिलं गोल रिंगण, निमगाव केतकी आणि इंदापूर. नीरा डाव्या कालव्यामुळे उसाने हिरवागार दिसला तरी हा पट्टा पर्जन्यछायेतला. पुण्यात भिजलेली पालखी इथे बऱ्याचदा कोरड्या वाऱ्यात आणि चटक्यात चालते. रुंद झालेल्या नव्या पालखी मार्गावर सावलीही फारशी नाही. पण एखादी सर आलीच, तर तंबूखालची काळी माती अशी चिकटते की चप्पल दोन किलोची होते. म्हणजे बॅगेने ऊन, वारा आणि चिखल तिन्ही सोसायचं.

मी जुन्या वारकऱ्यांच्या सामानाकडे बघत बघत यादी केली. तिथे डफल कमी, लोखंडी पेट्या, वळकट्या आणि साखरेची पोती जास्त. पण अ‍ॅक्सेसरीज म्हणाल तर एकेक अशी की बघत राहावं.

पहिली, ओळख. संध्याकाळी अर्धवट अंधारात ट्रकमधून शे-दीडशे बोचकी खाली येतात. काळी डफल तिथे कुणाचीही असू शकते. आमच्या दिंडीतल्या मावश्यांनी बोचक्यांना जुन्या साड्यांचे काठ बांधले होते, प्रत्येकीचा वेगळा. आम्हीही आईच्या पिवळ्या साडीचा काठ दोन्ही बंदांना बांधला. वर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, गाव, दिंडी क्रमांक आणि रथापुढे की रथामागे, हे मोठ्या अक्षरात. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण तोच क्रमांक रथाच्या पुढेही असतो आणि मागेही.

दुसरी, आतली पिशवी. रेन कव्हर वरून झाकतं. ट्रकमध्ये पाणी येतं खालून, फळीवरून आणि शेजारच्या ओल्या बोचक्यातून. त्यामुळे जाड प्लास्टिकची मोठी पिशवी डफलच्या आत घालायची, सामान तिच्यात, तोंड पिळून दोरीने बांधायचं. कव्हरपेक्षा कितीतरी स्वस्त.

तिसरी, हाताला कळणारे पाउच. रंगीत पाउच दुकानात छान दिसतात, पण अंधारात सगळे रंग सारखेच. आईने घरीच तीन शिवले. कपड्यांचा सुती, औषधांचा रेक्झिनचा, आणि पायांच्या सामानाचा जुन्या टॉवेलचा. हात घातला की कळतं. चेनच्या टोकांना नाडीचे मोठे फासे बांधले. दमलेल्या बोटांना ती इवलीशी धातूची टिकली सापडत नाही.

चौथी, पाच मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर सेफ्टी पिना. चिमटे नकोत, इथल्या वाऱ्यात चिमट्यांसकट कपडे शेजारच्या उसात जातात. सोबत हेडटॉर्च, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

पाचवी, आरसा. वारकऱ्याच्या सामानात गंध लावायला छोटा आरसा असतोच. आईनेही घेतला होता, गोपीचंदनाच्या डबीशेजारी. तोच आम्ही तळवे बघायला वापरला. वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही, आरसा खाली धरला की टाचेपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळं दिसतं. मी तो टॉवेलच्या पाउचमध्ये टाकला, सगळ्यात वर.

आता डफलमध्ये काय ठेवलं नाही, ते. इन्शुलिन! उन्हात उभ्या ट्रकमध्ये ते ठेवायचं नाही. वापरात असलेलं इन्शुलिन बहुतेक प्रकारांत तीसेक डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे फ्रीजशिवाय टिकतं. आपल्या प्रकाराचं काय, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. पाण्यात भिजवलं की वाऱ्यावर गार राहणारी पाउच मिळतात, त्यातलं एक शबनममध्ये घेतलं. इथला कोरडा वारा पहिल्यांदाच उपयोगी पडला. शिवाय ग्लुकोजची पावडर, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, कोरड्या मोज्यांचा जोड आणि पाणी. भवानीनगरच्या साखर कारखान्याजवळून जाताना आई म्हणाली, "एवढी साखर इथं आणि तू पुडी बांधून आणलीस होय?" पण इन्शुलिन घेऊन चालताना साखर एकदम उतरू शकते. तेव्हा पुडी खांद्यावरच हवी.

निमगाव केतकीला संध्याकाळी पिवळा काठ लांबूनच दिसला. तंबूत आईने आरसा धरला, मी टॉर्च. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढा लाल चट्टा होता. फोड नव्हता, पण होऊ घातला होता. "दुखतंय का गं?" मी विचारलं. "काहीच नाही रे," ती सहज म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला तो त्या 'काहीच नाही'ला.

आईला दुसऱ्या दिवशी चालतच इंदापूरला शिरायचं होतं. दोघं बराच वेळ गप्प होतो. मग तिने पुन्हा एकदा आरसा धरला, या वेळी स्वतःच टॉर्च घेऊन, आणि म्हणाली, "उद्या ट्रकमध्ये बसते. बॅगेबरोबर." फिरत्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि तेच सांगितलं.

ट्रक पालखीच्या आधी पोचतो, त्यामुळे इंदापूरचं रिंगण तिने कडेला बसून अगदी मनासारखं बघितलं. अश्व धावले तेव्हा ती हात जोडून उभी होती, पायात मोजे आणि मऊ बूट. चट्टा चार दिवसांत गेला.

तेव्हा यादी करताना वस्तू चांगली की वाईट हा प्रश्न नंतर. आधी दोन प्रश्न विचारा. ही मला कधी लागेल? आणि त्या वेळी बॅग कुठे असेल? या दोन चाळण्यांतून दुकानातल्या निम्म्या अ‍ॅक्सेसरीज गळून पडतात, आणि घरातला एखादा सव्वाशे ग्रॅमचा आरसा वर येतो.

या वर्षी आईला इंदापूरच्या पुढे सराटीपर्यंत जायचंय, नीरेतलं पादुकांचं स्नान बघायला. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे. पाउच धुऊन वाळत घातलेत.