क्लचवरचा पाय

शहापूरहून लग्न आटोपून परत येत होतो. कसारा घाटात दोन-तीन वळणं चढली आणि आमच्या मारुती ८०० नं दम सोडला. बंद पडली असती तर एकवेळ बरं. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मात्र रेंगाळायची. आत जळका वास भरला. मागच्या सीटवर अम्मी आणि दोन्ही मुलं. अम्मीनं ओढणी नाकाला लावली, दुसऱ्या हातातली तस्बीह भराभर सरकू लागली. पहिल्या गिअरवर, मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत, कसेबसे इगतपुरीला पोचलो.

तिथं चहाच्या टपरीवर मी बायकोला म्हणालो, "तू अर्धा क्लच दाबून चालवतेस. प्लेट जाळलीस तू."

सगळ्यांसमोर म्हणालो. ती काही बोलली नाही. चहा संपवला, ग्लास ठेवला. नाशिकला घरी आल्यावर तिनं आपल्याकडची चावी खिळ्याला अडकवली आणि सोमवारपासून दोन रिक्षा बदलून शाळेत जायला लागली.

गाडी तिला मीच शिकवली होती, रविवारी सकाळी ईदगाह मैदानावर. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी ती एकटीच बाई. बायकांच्या हाती क्लच टिकत नाही, हे मी लोकांकडून वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो आणि त्यावर हसतही नव्हतो. घाटात तेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं.

गाडी वडाळा नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी सांगितलं, "चाचा, क्लच प्लेट गेलीय, बदलून टाका." ते म्हणाले, "सर, तुम्ही मुलाचा पेपर न वाचताच मार्क देता का?"

त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी पेडल हातानं दाबून पाहिलं. या गाडीचा क्लच केबलवर चालतो. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल हवी, बोटानं दाबलं तरी जाईल इतकी. मिस्त्री लोक तिला 'प्ले' म्हणतात. आमच्या पेडलला प्ले अजिबात नव्हता. म्हणजे पाय न लावताही क्लच किंचित दाबलेलाच. मग आठवलं, तीन-चार महिन्यांपूर्वी रिव्हर्स गिअर टाकताना खरखर यायची, म्हणून मी एका गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथल्या पोरानं पाच मिनिटांत केबलचा नट आवळून दिला होता. खरखर गेली, मी खूश. चाचा म्हणाले, गिअर खरखरत पडतो तेव्हा क्लच पूर्ण सुटत नसतो, तिथं केबल आवळणं बरोबर. पण आवळताना प्ले राखायचा असतो. आणि प्लेट झिजत जाते तसा हा प्ले आपोआप आणखी कमी होतो, म्हणून तो मधूनमधून बघावा लागतो. इतकी वर्षं गाडी चालवून मला हे माहीत नव्हतं.

नट ढिला करून त्यांनी प्ले दिला. मग सपाट जागी हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, तिसरा गिअर टाकला आणि थोडी रेस देत क्लच सोडला. धड क्लच असेल तर इंजिन तिथंच गचका खाऊन बंद पडतं. आमचं आरामात चालू राहिलं. चाचांनी लगेच चावी फिरवली. ही परीक्षा एकदाच घ्यायची, पुन्हापुन्हा घेतली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

गिअरबॉक्स उतरवला. प्लेट रिबिटांपर्यंत झिजलेली, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग. रिलीज बेअरिंग हातानं फिरवलं तर घरघरलं. पेडल दाबल्यावर येणारा तो आवाज मी रस्त्याचा समजत होतो. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑईल सीलही बदला, असं चाचांनी सुचवलं. तिथून तेल झिरपून प्लेटवर आलं तर नवी प्लेटही घसरते. बिल ऐकून त्या महिन्याचे बरेच बेत पुढं ढकलले.

दुसऱ्या दिवशी असरनंतर ट्रायलला निघालो. मी चालवत होतो, चाचा शेजारी. द्वारका सर्कलच्या गर्दीतून बाहेर पडलो, रस्ता मोकळा झाला, चौथा गिअर. मी त्यांना सांगत होतो की घरात बायकोही चालवते, तिची सवय जरा...

"सर, आपका पाँव किधर है?"

खाली पाहिलं. माझा डावा पाय क्लचवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. अब्बांनी मला शिकवताना सांगितलं होतं, पाय तयार ठेव. तो मी पंचवीस वर्षं तयार ठेवला होता. चाचा म्हणाले, टेकलेल्या पायाचं वजनही बेअरिंगला कळतं. त्यात तुमची केबल आवळलेली. "मॅडमना एकदा चालवू द्या, मग बोलू." पुढं ते काही बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

आरोप सगळ्यांसमोर केला होता, तेव्हा जेवताना सगळ्यांसमोरच सांगितलं की प्लेट माझ्या पायानं गेली. मुलगी हसली. अम्मी म्हणाल्या, "तेरे अब्बा भी ऐसेच चलाते थे." बायकोनं भाजी वाढत विचारलं, "बारा दिवसांचे रिक्षाचे पैसे कोण देणार?"

दिले. त्यानंतरही चावी आठवडाभर खिळ्यालाच होती. मग एका सकाळी नव्हती.

मागच्या रविवारी ती चालवत होती, मी शेजारी. सारडा सर्कलला गाड्या थांबल्या. तिनं गिअर न्यूट्रलला टाकला, क्लच सोडला, पाय खाली ठेवला. मग माझ्या पायांकडे बघितलं. माझ्यापुढं पेडल नव्हतं, तरी डावा पाय उचललेलाच होता.