दरमहा पन्नास शेकेल



आपल्या समाजात डॉक्टरकीला पूर्वीपासून मोठा मान आहे. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव ऐकले नाही असे जुने बेने इस्राएल घर विरळाच. १८९० साली जन्मलेल्या या बाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, १९१९ साली लंडनच्या एम. डी. झाल्या, १९२८ ते १९४७ पर्यंत त्यांनी कामा हॉस्पिटलचा कारभार पाहिला आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. मात्र लंडनला जाण्याइतका पैसा त्यांच्या घरी नव्हता, टाटांच्या निधीतून मिळालेल्या कर्जाऊ मदतीने आणि नंतर सरकारी शिष्यवृत्तीने ते शिक्षण पार पडले, हे सांगायचे राहून जाते. बुद्धी त्यांची, कष्ट त्यांचे. पण वेळेवर पुढे आलेला हात दुसऱ्याचा होता.

असा हात पुढे करायला टाटाच असावे लागते काय? आमच्या गावातील आम्हा अकरा घरांचा अनुभव सांगतो की नाही.

आम्ही कोणी श्रीमंत नाही. कोणी कारखान्यात राबून निवृत्त झालेले, कोणी नर्स, कोणी बस चालविणारे. २०१८ साली आम्ही ठरविले की प्रत्येक घराने दरमहा पन्नास शेकेल बाजूला काढायचे आणि कोकणातील दोन गरीब विद्यार्थ्यांच्या डॉक्टरी शिक्षणाला लावायचे. अकरा घरांचे साडेपाचशे शेकेल. त्या वेळच्या भावाने दहा हजार रुपयांच्या घरात. ऐकून एक गृहस्थ हसले. म्हणाले, "एवढ्यात डॉक्टर होतो काय? फीचे आकडे लाखांत असतात!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. खाजगी कॉलेजांची फी आमच्या आवाक्याबाहेरचीच आहे. पण सरकारी कॉलेजात गुणांवर जागा मिळविलेल्या गरीब मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या फीसाठी सरकारच्या सवलती आहेत. २०२४-२५ पासून तर महाराष्ट्र सरकारने, ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मग मुले अडतात कुठे? अडतात ती मेसच्या बिलापाशी. वसतिगृहाच्या अनामत रकमेपाशी. पहिल्या वर्षी हाडांचा संच लागतो, ॲप्रन लागतो, जाडजूड पुस्तके लागतात. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पैसे हातात पडेपर्यंत महिने उलटतात. आणि मेसवाला काही मंजुरीचा कागद घेऊन जेवू घालीत नाही.

साडेचार वर्षे अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप, असा हा साडेपाच वर्षांचा रस्ता. इतर शिक्षणात गरीब मुलगा संध्याकाळी कुठे नोकरी करून भागवितो. येथे सकाळी वर्ग, दुपारी वॉर्ड, रात्री अभ्यास. नोकरीला वेळ उरतोच कोठे?

आमच्या दोघांपैकी एक मुलगी रायगड जिल्ह्यातील खेड्यातली. वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारे, आई मासळी विकणारी. तिचे नाव आम्हांस ठाऊक नाही आणि आमची नावे तिला ठाऊक नाहीत. मधल्या संस्थेने तसाच नियम ठेवला आहे. दुसऱ्या वर्षी तिची शिष्यवृत्ती रखडली, मेसचे चार महिन्यांचे पैसे थकले आणि तिचे जेवण बंद झाले. काही दिवस ती मैत्रिणींच्या ताटात जेवली. मग लाजेने तेही सोडले आणि घरी जाण्यासाठी पेटी भरली. गुण उत्तम, हजेरी पूर्ण, आणि एक भावी डॉक्टर चौदा हजार रुपयांसाठी परत निघालेली! संस्थेने आमच्या जमेतून तिची थकबाकी भरली. २०२३ साली ती पास झाली, २०२४ साली तिची इंटर्नशिप संपली. आज ती एका ग्रामीण रुग्णालयात काम करते, एवढे आम्हांस कळविण्यात आले. आमच्या कोणत्याही सणाला याहून गोड बातमी आली नव्हती.

कोणी विचारतात, आपली मुले सोडून परक्यांना का? बंधूंनो, ते परके कसे? पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर ही आडनावे आपण येथेही मिरवितो. त्या गावांनी आपल्या शनवार तेल्यांना शेकडो वर्षे शेजार दिला. शब्बाथ पाळतो म्हणून कोणी छळले नाही. त्या ऋणाचे व्याज म्हणून तरी हे पन्नास शेकेल समजा. २०२१ पासून खुद्द अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आपल्या नवगावच्या परिसरातील मुलेच आता तेथे डॉक्टर होऊ शकतील.

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आपले वाडवडील गोरगरिबांना दान देत. ती चाल चांगली आहे, ती चालू ठेवावी. पण विद्यार्थी वर्षातून एकदा जेवत नाही. एकदम दिलेल्या पाच हजार शेकेलांपेक्षा न चुकता येणारे पन्नास त्याला अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर तो पुढच्या महिन्याचा विचार न करता पुस्तक उघडतो. रंबाम स्वतः वैद्य होते. सेदाकाच्या आठ पायऱ्या सांगताना त्यांनी सर्वांत वरची पायरी दिली ती माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या मदतीला.

पैसे पाठविताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. आपण आता परदेशी नागरिक. आपली देणगी घेणाऱ्या भारतीय संस्थेची परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. नोंदणीचा क्रमांक विचारावा, पावती मागावी, आणि पैसे शक्यतो थेट मेस किंवा वसतिगृहाकडे भरले जावेत असे सांगावे. विचारण्यात संकोच नको. खरी संस्था विचारणाऱ्यावर रागावत नाही.

अकरा घरांपैकी तिघे वडीलधारे आता आपल्यात नाहीत. दोन घरांत मुलांनी हप्ता चालू ठेवला. तिसरे घर गळाले, आणि सध्याचा आपला दुसरा विद्यार्थी अजून तिसऱ्या वर्षात आहे. आपल्या नातवंडांना हा लेख वाचता येणार नाही हे आम्ही जाणतो. तो त्यांना हिब्रूत समजावून सांगा. बँकेत होराआत-केवा भरायला मराठी लागत नाही.

आणि तारीख शक्यतो एक ठेवा. तिकडे मेसचे बिलही एक तारखेलाच येते.